शाळेतलं हाताचं काम आणि ३५ मिनिटांचा तास

परवा रात्री जेवता जेवता धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, पिल्लूच्या शाळेतून फॉर्म आलाय, नववीला संस्कृत घेणार की ऑटोमोबाइल ते उद्यापर्यंत लिहून द्यायचंय. हे ऑटोमोबाइल काय असतं रे? पोरगी काय गॅरेजमध्ये बसणारे का?" मागून भाचीचा आवाज, "मामाला विचार, त्याच्या शाळेत पण होतं ना तसलं काहीतरी."

होतं की. मी टेक्निकलवाला. पण फोनवर सांगायला गेलो तर पाऊण तास झाला तरी बहिणीच्या डोक्यात टेक्निकल, एनएसक्यूएफ, कार्यानुभव, आयटीआय, एमसीव्हीसी या सगळ्याची खिचडीच, आणि त्यात तिची काही चूक नाही, कारण आपल्याकडे शाळेत हाताने काम शिकवायची कल्पना एकच आहे पण दर पंधरा-वीस वर्षांनी तिचं नवीन बारसं झालंय आणि जुनं नाव कोणी पुसलेलं नाही. म्हणून जरा बैजवार लिहून काढतोय. माझं एक मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठून बोलतोय. या सगळ्या योजनांची नावं, कोड, मार्क बाजूला ठेवा आणि टाइमटेबल बघा. हाताच्या कामाला सलग किती वेळ दिलाय ते बघितलं की शाळेत ते काम खरंच होतंय का कागदावर होतंय ते निम्मं तिथेच कळतं.

आता माझं उदाहरण. टेक्निकल म्हणजे आठवीपासून नेहमीच्या विषयांतलं काहीतरी कमी करून त्याजागी वर्कशॉप, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, थोडं इलेक्ट्रिकल. सगळ्या शाळांकडे वर्कशॉप नसायचं, त्यामुळे बऱ्याच गावांत एकच टेक्निकल सेंटर आणि आजूबाजूच्या चार-पाच शाळांची पोरं तिकडे ठरलेल्या दिवशी जायची, आम्हीही तसेच सायकलवर जायचो. पहिला जॉब (वर्कशॉपमध्ये वस्तूला जॉबच म्हणतात) म्हणजे साध्या लोखंडाचा तुकडा, सहा एमएम जाड, पन्नास बाय पन्नास, हॅक्सॉने कापून दिलेला, कडा वेड्यावाकड्या. तो वाइसमध्ये पकडायचा, कानस (लोखंड घासायचं दातेरी हत्यार) घ्यायची आणि चारही कडा सरळ आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या. झालं, एवढंच काम. ऐकायला दहा मिनिटांचं वाटतं ना? मी पहिल्या दिवशी अर्धा तास घासघासलं आणि छाती फुगवून सरांकडे घेऊन गेलो. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी कडेला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले, बघ. मधे गुण्या टेकला होता आणि दोन्ही टोकांना फटीतून लख्ख उजेड. म्हणजे माझी कड मधे फुगलेली, पोट आलेलं. कारण असं की कानस पुढे जाईल तसा डाव्या हाताचा दाब हळूहळू कमी करत उजव्याचा वाढवायचा असतो, ते जमलं नाही की कानस होडीसारखी डोलते आणि टोकं जास्त झिजतात. हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलेलं होतं, मी वहीत उतरवूनही घेतलेलं, परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण हाताला ते कळायला मला तीन आठवडे लागले, आणि कळलं त्या दिवशी आधी हाताला कळलं आणि मग डोक्याला.

या सगळ्याला वेळ लागतो हो. सेंटरवर पोचून ॲप्रन घालेपर्यंत, टूल रूममधून नाव लिहून कानस आणि गुण्या घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. शेवटी लोखंडाचा कीस ब्रशने झाडायचा, कानशीचे दात तारेच्या ब्रशने साफ करायचे, टूल मोजून परत द्यायचं, आणखी दहा मिनिटं. आता नेहमीचा ३५ मिनिटांचा तास घेतला तर हातात राहतात पंधरा. त्यात हात गरम व्हायच्या आत घंटा. म्हणून आमच्याकडे सलग तीन तास जोडून दिलेले असायचे, आणि आज मागे वळून बघितलं की वाटतं आमच्या सेंटरमध्ये मशीनी जुन्या होत्या, लेथ तर एकच धड चालायची, तरी आम्ही शिकलो ते या जोडून दिलेल्या तासांमुळे.

(टेक्निकलचा अजून एक व्यवहारी फायदा होता आणि आहे, दहावीनंतर डिप्लोमाला टेक्निकलच्या पोरांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. बरेच जण तेवढ्यासाठीच घ्यायचे. चालतं, आलेला माणूस कशासाठी आला यापेक्षा आल्यावर काय झालं ते महत्त्वाचं.)

आता दुसरी गोष्ट, जी महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घराला माहितीये पण तिच्याकडे कोणी हाताचं शिक्षण म्हणून बघत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. शासकीय रेखाकला परीक्षा. पाठीला ड्रॉइंग बोर्ड बांधून, एका हातात पाण्याचा डबा, दुसऱ्या हातात कॅमलचे पोस्टर कलर घेऊन सेंटरवर निघालेली पोरं तुम्ही बघितली असतीलच. एलिमेंटरीला समोर ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम, आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला हेच, पण वजनदार, भूमितीत घनभूमिती येते आणि तिथे चांगले चांगले गार होतात.

यातलं समोरच्या वस्तूचं चित्र घ्या. टेबलावर तांब्या ठेवलाय. दहा जणांपैकी सात-आठ पोरं पहिल्यांदा तांब्याचं तोंड गोल गरगरीत काढतात आणि बूड सरळ रेषेत कापतात. का? कारण तांब्याचं तोंड गोल असतं हे डोक्याला पक्कं माहितीये आणि तांब्या टेबलावर टेकलाय म्हणजे बूड सपाट हेही माहितीये. पण तुम्ही जिथे बसलाय तिथून दिसतं ते लंबवर्तुळ, आणि गंमत म्हणजे बूड तोंडापेक्षा डोळ्यापासून जास्त खाली आहे म्हणून त्याची वक्रता तोंडापेक्षा जास्त दिसते. चांगला ड्रॉइंग टीचर काय करतो, पोराच्या शेजारी त्याच्याच उंचीवर बसतो, पेन्सिल हात लांब करून आडवी धरायला लावतो, एक डोळा मिटायला लावतो आणि तोंडाची रुंदी आणि उंची मोजायला लावतो. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते काढ, हे शिकवायला त्याला हीच एक युक्ती लागते आणि त्यासाठी त्याला प्रत्येक पोरापाशी जाऊन बसावं लागतं. साठ पोरांच्या वर्गात ३५ मिनिटांत किती जणांपाशी बसणार, करा हिशोब. पोराला अर्ध्या मिनिटाच्या वर काही मिळत नाही.

आणि मग काय होतं तर मार्कांचं गणित सुरू होतं. दहावीला इंटरमिजिएटच्या ग्रेडचे जादा मार्क मिळतात, ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. सात मार्क म्हणजे टक्केवारीत दीड टक्का जवळजवळ, अकरावीच्या कटऑफला एवढा फरक लय झाला. त्यामुळे परीक्षा टिकली हे खरं, बाकी हाताचे विषय शाळांनी गुंडाळले पण हिचे फॉर्म दरवर्षी भरले जातात, पालक स्वतःहून क्लास लावतात. पण त्याच मार्कांनी तिची वाटही लावली. स्मरणचित्राला बाजाराचं दृश्य आलं की डावीकडे भाजीवाली, उजवीकडे छत्री, मधे पिशवी घेतलेली बाई, मागे दोन झाडं आणि पाठमोरा माणूस (पाठमोरा म्हणजे चेहरा काढायला नको), हे क्लासमध्ये पाठ करून घेतात. एसटी स्टँड आला की छत्रीच्या जागी एसटी. पोरगं आयुष्यात कधी आठवडी बाजाराला गेलं नसलं तरी चालतं. नाव स्मरणचित्र, आणि स्मरण असतं क्लासच्या झेरॉक्सचं!

तरीसुद्धा मी या परीक्षेच्या बाजूने आहे. संकल्पचित्रात पोस्टर कलरचा सपाट हात देताना ब्रशचा एकही फराटा दिसता कामा नये म्हणून पाणी किती आणि रंग किती याचा जो अंदाज येतो ना, तो पाठ करून येत नाही. तिथे क्लासही काही करू शकत नाही, दहा कागद खराब करावेच लागतात.

आता जरा मागे जाऊ, कारण "शाळेत हाताचं काम" ही भानगड आली कुठून हे कळल्याशिवाय आजचा फॉर्म कळत नाही. आणि ती आली आपल्याच वर्ध्यातून. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, गांधीजी अध्यक्ष, तिथून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम म्हणजे बुनियादी शिक्षणाचा आराखडा आला. लोकांना वाटतं नयी तालीम म्हणजे अभ्यास करून झाल्यावर थोडा वेळ सूत कातायची टकळी फिरवायची. तसं नव्हतं. समितीने जे वेळापत्रक सुचवलं त्यात साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटं होती. अर्ध्याहून जास्त दिवस! मातृभाषेला ४० मिनिटं. आणि कल्पना अशी की गणित, विज्ञान, भूगोल हे त्या उद्योगातूनच निघायचं, म्हणजे सूत कातलं की किती तार झाले ते मोजा, सरासरी काढा, कापूस कुठल्या जमिनीत येतो ते बघा, कापसाचा आणि इंग्रजांचा काय संबंध ते इतिहासात.

मग हे बुडालं कशामुळे? शिक्षक मिळाले नाहीत, सरकारी शाळांनी टकळी घेतली आणि तिच्यातून गणित काढायचं सोडून दिलं, ही कारणं आहेतच. पण एक कारण आपण चारचौघांत बोलत नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात खोल आहे. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हाताचंच काम होतं, चांभारकी, कुंभारकी, शेतमजुरी, त्यांनी पोराला शाळेत कशाला घातलं? त्या कामातून सुटायला. आणि शाळा म्हणणार की बस, हेच कर. मद्रासमध्ये १९५३ साली राजाजी म्हणजे मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेत निम्मा वेळ वर्ग आणि उरलेला वेळ घरच्या धंद्याचं काम अशी योजना आणली, लोकांनी तिला सरळ "कुलकल्वी" म्हणजे कुळाचं, जातीचं शिक्षण असं नाव ठेवलं, एवढा विरोध झाला की १९५४ मध्ये राजाजींचं मुख्यमंत्रिपद गेलं आणि ती योजनाही गेली. हा संशय खोटा नव्हता. आजसुद्धा माझ्या बहिणीने विचारलं ना, "पोरगी गॅरेजमध्ये बसणारे का", त्याच्या पोटात हीच भीती आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. ज्यांच्या घरी हाताचं काम होतं त्यांना त्यातून सुटायचंय आणि ज्यांच्या घरी नव्हतं त्यांना त्यात पडायचं नाही. मग शाळेत ते करणार कोण? दोन्हीकडची पोरं एकाच बाकावर तेच काम करतात तेव्हाच यातला जातीचा वास जातो, एकाला वर्कशॉप आणि दुसऱ्याला संस्कृत असं वाटून दिलं की परत तेच.

पुढचा इतिहास झटपट उरकतो. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने "कार्यानुभव" शब्द दिला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने "समाजोपयोगी उत्पादक कार्य" म्हटलं. शाळेत आलं कार्यानुभव हेच नाव आणि त्याचं प्रत्यक्षात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, शनिवारचा एक तास, मैदानातले दगड वेचा, बाईंच्या टेबलावर ठेवायला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड करा, "टाकाऊतून टिकाऊ" जे दोन दिवसांत परत टाकाऊ होतं. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांचा. ३ तास २० मिनिटांवरून सुरुवात केली होती, आलो आठवड्याला ३५ मिनिटांवर, तीही उसनी दिलेली. शिक्षकाचंही तसंच. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला १०० च्या वर पटसंख्या असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना निदेशक म्हणजे शिकवणारा माणूस द्या असं आहे, पण कायद्यातच शब्द आहे अंशकालीन, म्हणजे पार्ट-टाइम. मग तो माणूस तुटपुंज्या मानधनावर, पुढच्या वर्षी आपण असू का नाही याची खात्री नसलेला, तो वर्कशॉप उभं करायच्या भानगडीत पडेल का दुसरीकडे काही मिळतंय का बघेल?

याला एक सणसणीत अपवाद आहे आणि तो पुणे जिल्ह्यातच आहे, शिरूर तालुक्यात पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग, अमेरिकेत इलिनॉयमध्ये फूड टेक्नॉलॉजीत पीएचडी केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या रिसर्च सेंटरमध्ये मोठ्या पदावर, ते सगळं सोडून १९८३ मध्ये त्यांनी या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांसाठी "मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख", आयबीटी, हा कोर्स आला. त्याची रचना इतकी साधी आहे की वाटतं हे आधी कोणाला कसं सुचलं नाही. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक अख्खा दिवस. त्यात चार विभाग फिरून फिरून, एक लोखंड-लाकूड-बांधकामाचं वर्कशॉप, दुसरं ऊर्जा आणि पर्यावरण म्हणजे वायरिंग, सोलर वगैरे, तिसरं शेती आणि पशुपालन, चौथं गृह आणि आरोग्य. सगळं प्रत्येकाला. मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाक आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं. कुणाला वेल्डर करायचं हा हेतूच नाही, म्हणून तर चारही विभाग सगळ्यांना, त्यामुळे वर सांगितलेला जो वाटणीचा प्रश्न आहे तो तिथल्या तिथे निम्मा सुटतो.

आणि शिकवायला कोण, तर गावातलीच कसबी माणसं निदेशक म्हणून. वेल्डिंग येणारा वेल्डिंग शिकवतो. आणि पोरांनी केलेलं काम शोभेचं नाही, गावाला लागणारं. कोणाच्या शेतातली माती तपासून द्या, शाळेचं बाक दुरुस्त करा, फेरोसिमेंटचा (तारेच्या जाळीवर सिमेंट) पत्रा ओता, आणि त्याचे पैसे घ्या. इथे माझ्या गुण्यातल्या उजेडाचीच गोष्ट परत येते. बाक नीट वेल्ड झालं नाही तर त्यावर बसणारा पडतो. मग पोरगं आपोआप विचारतं की तुटलं का, आणि "का" विचारलं की विज्ञानाच्या पुस्तकातला धडा, जो सोमवारी झोप आणत होता, तो आता कामाचा होतो. फेरोसिमेंटचा पत्रा ओतायचा तर क्षेत्रफळ, घनफळ, सिमेंट-वाळूचं प्रमाण आणि खर्चाचा अंदाज हे चार धडे एका दुपारी. गांधीजी टकळीतून जे काढा म्हणत होते ते इथे वेल्डिंगच्या रॉडमधून निघतं. २००२ मध्ये तर अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्याबाहेरची पहिली फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनींचं छोटं वर्कशॉप) काढली ती या पाबळला, आता बोला.

पण बघा, यातलं काहीही एका ३५ मिनिटांच्या तासात बसलं असतं का? सिमेंट कालवून ठेवलं आणि घंटा झाली तर?

बरं, आता बहिणीचा फॉर्म. तिच्या फॉर्मवरचं ऑटोमोबाइल म्हणजे एनएसक्यूएफचा विषय. एनएसक्यूएफ म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, केंद्राने डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर केला. भारी नाव आहे, पण कल्पना जिन्यासारखी आहे. कुठल्याही कौशल्याच्या पायऱ्या ठरवायच्या, सुरुवातीच्या आखणीत नववी म्हणजे पहिली पायरी, दहावी दुसरी, अकरावी-बारावी तिसरी-चौथी, आणि प्रत्येक पायरीला काय काय यायला हवं ते लिहून ठेवायचं म्हणजे पोराने नाशिकला शिकलं काय आणि नागपूरला शिकलं काय, सर्टिफिकेटचा अर्थ एकच. विषय खूप आहेत, ऑटोमोबाइल, रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस, हेल्थकेअर, शेती, आयटी, टुरिझम, पण शाळेला सगळे नसतात, एखाददोन मंजूर झालेले असतात आणि ते तुम्हाला विचारून झालेले नसतात. दहावीला हा विषय साधारणपणे एखाद्या भाषेच्या जागी घेता येतो, म्हणून फॉर्मवर संस्कृत की ऑटोमोबाइल असा विचित्र सामना. शिकवणारा ट्रेनर बहुतेक वेळा एजन्सीमार्फत कंत्राटावर. लॅबला पैसे मिळतात, बाहेरच्या जाणकाराचं लेक्चर आणि कंपनी-गॅरेजची भेट यांचीही तरतूद असते. परीक्षेत प्रॅक्टिकल असतं.

म्हणजे भाची मेकॅनिक होणार का? नाही. दहावीच्या बोर्डाचं सर्टिफिकेट तेच, विज्ञान-गणित तेच, अकरावी सायन्सला काही अडत नाही. आयटीआय हे वेगळं प्रकरण, ती शाळेनंतरची संस्था, ट्रेडप्रमाणे आठवी किंवा दहावीनंतर जायचं आणि तो ट्रेड पक्का करायचा, तिथे शाळेचे बाकी विषय नाहीत. आणि एमसीव्हीसी म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम, आता त्यालाही एनएसक्यूएफचा साचा आणि नवीन नाव दिलंय, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे. अजून एक सांगायचं राहिलं, अकरावी सायन्सला द्विलक्षी म्हणजे बायफोकल असतं, २०० मार्कांचं, दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं. इंजिनिअरिंगवाले पालक त्याच्यासाठी रांगा लावतात आणि त्याच पालकांना व्यवसाय शिक्षण म्हटलं की कमीपणा वाटतो, आता द्विलक्षी हे व्यवसाय शिक्षणच आहे हे त्यांना कोण सांगणार! नावात काय काय असतं बघा.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं पण थोडं सांगतो कारण सहावी-सातवीतल्या पोरांना तेच लागणारे. त्यात म्हटलंय की २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या किमान ५० टक्के मुलांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळाला पाहिजे, आणि सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस बिनदप्तराचे, त्यात सुतार, माळी, कुंभार, चित्रकार अशांच्या हाताखाली काम. धोरणात एक तुलनाही दिलीये, १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. आकडा ऐकून दचकायला होतं पण त्यातला "रीतसर" शब्द बघा, आपल्याकडे कोपऱ्यावरच्या गॅरेजात जो पोरगा उस्तादाकडे पाना देता देता इंजिन खोलायला शिकला तो या ५ टक्क्यांत नाहीच. येतं त्याला सगळं, कागद नाही.

धोरणानंतर २०२३ चा शालेय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात कामाचे तीन प्रकार केलेत, सजीवांसोबतचं काम, यंत्रं-साहित्यासोबतचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम. सहावी ते आठवी दरवर्षी प्रत्येक प्रकारातला एक प्रोजेक्ट, तीन वर्षांत नऊ. पाबळच्या चार विभागांची ही मला चुलत भावंडंच वाटतात. आणि वेळ? वर्षाला ११० तास, घड्याळाचे. म्हणजे आठवड्याला साधारण तीन तास पडतात. हे मला आवडलं, कोणीतरी शेवटी तासांत बोललं. आता शाळा ते तीन तास सलग देतात की सोम-मंगळ-बुध-गुरु-शुक्र ३५-३५ मिनिटं करून वाटतात, त्यावर सगळं आहे. एकूण वेळ तेवढाच भरेल, पण दुसऱ्या पद्धतीत रोज सामान काढा आणि रोज सामान ठेवा एवढंच होईल.

तर बहिणीला मी म्हटलं, फॉर्म द्यायच्या आधी शाळेत जा आणि तीनच गोष्टी विचार. या विषयाचे तास जोडून आहेत का सुटे? शिकवणाऱ्याने ते काम स्वतः कधी केलंय का? आणि मागच्या वर्षीच्या पोरांनी केलेलं काहीतरी दाखवा म्हणावं, वही नको, फाइल नको, हातात धरता येईल असं. उत्तरं धड नाही मिळाली तर बिनधास्त संस्कृत घे, संस्कृत काही वाईट नाही, निदान शब्दरूपं पाठ होतील.

काल संध्याकाळी परत फोन. शनिवारी सलग अडीच तास आहेत म्हणे. ट्रेनर आधी एका सर्व्हिस सेंटरला होते, त्यांच्या हाताला ग्रीस दिसलं म्हणून बहीण जरा नाखूश आणि मी खूश. मागच्या बॅचने एका जुन्या स्कूटरचं इंजिन उघडून परत बसवलं, चालू झालं नाही, पण कशामुळे झालं नाही ते सर पोरांनाच शोधायला लावतायत, यंदाची बॅच तिथूनच सुरुवात करणार. भाचीने फोन हिसकावून घेतला, "मामा, प्लगला स्पार्क येत नाहीये असं सर म्हणाले, स्पार्क येतोय का ते कसं बघतात?" मी म्हटलं ते फोनवर सांगून नाही जमणार, शनिवारी सरांनाच विचार.